फिरस्त्या खेळाडूंच्या स्वाक्षऱ्या : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अमेरिकन फुटबॉलमधल्या फिरस्त्या, म्हणजे सतत संघ बदलत राहिलेल्या, खेळाडूंची स्वाक्षरी असलेली छापील कार्डे (समोर खेळाडूचे चित्र, मागे त्याची आकडेवारी) मी का जमवतो, यावरील माझ्या लेखाला आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप तीन आहेत. ज्यांना त्यांच्या संघाचे प्रेक्षकसुद्धा विसरले, त्यांच्या स्वाक्षऱ्यांना मोल नाही आणि तेवढ्या पैशांत एखाद्या नामांकित खेळाडूचे एकच चांगले कार्ड घेता आले असते, हा पहिला. या स्वाक्षऱ्या खऱ्याच आहेत कशावरून, हा दुसरा. आणि निवृत्त माणसांच्या घरी पत्रे धाडून त्यांना त्रास देणे शोभत नाही, हा तिसरा. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटला, म्हणून तो शेवटी घेतो.

पैशांपुरते बोलायचे तर आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. विख्यात खेळाडू टॉम ब्रेडी यांचे 2000 सालच्या ‘प्लेऑफ कंटेंडर्स’ या कार्डसंचातले, केवळ 100 प्रतींपैकी एक असलेले स्वाक्षरीचे कार्ड 2021 मध्ये 31 लाख डॉलरांना विकले गेले; माझ्याकडची सगळी खोकी विकली तरी त्याच्या आसपासही पोहोचता येणार नाही. पण मी गुंतवणूक म्हणून एकही कार्ड घेतलेले नाही. मला ओढ आहे ती कार्डाच्या मागच्या बाजूची, जिथे खेळाडूच्या प्रत्येक हंगामाची एकेक ओळ छापलेली असते. नामांकित खेळाडूच्या कार्डावर संघाच्या रकान्यात बहुधा वरपासून खालपर्यंत एकच नाव येते. फिरस्त्याच्या कार्डावर ते दर दोन-तीन ओळींनी बदलते, आणि प्रत्येक बदलामागे नवे शहर, नवे भाड्याचे घर, पाठ करायची नवी डावपेचांची वही आणि मुलांची नवी शाळा असते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण मला त्या रकान्यात अक्षरशः छापलेली दिसते.

अर्ल मॉरल यांचेच उदाहरण घ्या. ते क्वार्टरबॅक होते, म्हणजे संघाचे आक्रमण चालवणारे आणि चेंडू फेकून पास देणारे खेळाडू. 1956 ते 1976 अशा 21 हंगामांत ते सहा संघांकडून खेळले. 1968 मध्ये बाल्टिमोरचे मुख्य क्वार्टरबॅक जॉनी युनायटस जखमी झाले, तेव्हा बदली म्हणून उभ्या राहिलेल्या मॉरल यांनी संघाला 14 पैकी 13 सामने जिंकून दिले आणि लीगमधील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. त्याच मोसमाच्या अखेरीस सुपर बोल या अंतिम सामन्यात त्यांचे तीन पास प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेले आणि संघ हरला. बहुतेकांना तेवढेच आठवते. पुढे 1972 मध्ये बाल्टिमोरने त्यांना सोडले, आणि प्रशिक्षक डॉन शुला यांनी अवघे 100 डॉलर शुल्क भरून त्यांना मायामीत आणले. मोसमाच्या पाचव्याच सामन्यात तिथले मुख्य क्वार्टरबॅक बॉब ग्रीसी यांचा पाय मोडला. तेव्हा 38 वर्षांच्या मॉरल यांनी साखळीतले उरलेले सगळे सामने सांभाळले. सुपर बोल सुरू झाल्यापासून एकही सामना न हरता विजेता ठरलेला तो मायामी संघ आजही एकमेव आहे. कॅन्टन येथील हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर खेळाडूंचे स्मृतिदालन, माझ्या घरापासून गाडीने तासाभरावर आहे. युनायटस, ग्रीसी आणि शुला या तिघांचेही अर्धपुतळे तिथे आहेत, मॉरल यांचा नाही.

स्टीव्ह डीबर्ग यांच्या कार्डाच्या मागच्या बाजूची कहाणी तर वाचताना जीव हळहळतो. सॅन फ्रान्सिस्कोत ते पहिल्या पसंतीचे क्वार्टरबॅक असताना 1979 मध्ये तिथे जो मोंटाना आले. डीबर्ग डेन्व्हरला गेले, तर 1983 मध्ये तिथे जॉन एलवे आले. टॅम्पाला गेले, तर 1985 मध्ये स्टीव्ह यंग. हे तिघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. डीबर्ग मात्र खेळत राहिले, आणि 1990 मध्ये कॅन्सस सिटीकडून त्यांनी 23 टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे पास) दिले, तर प्रतिस्पर्ध्यांच्या हाती केवळ चार पास जाऊ दिले. मध्ये काही वर्षे निवृत्त राहून 1998 मध्ये, वयाच्या 44 व्या वर्षी, ते अटलांटाकडून पुन्हा पहिल्या अकरांत उतरले. अशा माणसाच्या स्वाक्षरीला मोल नाही, हे मला मान्य करता येत नाही. आमच्या क्लीव्हलँडमध्ये 1999 नंतर इतके क्वार्टरबॅक आले आणि गेले, की या संघावर प्रेम करायचे तर फिरस्त्यांवर प्रेम करायला शिकावेच लागते. त्यांतलेच एक जॉश मॅककाउन. 2015 मध्ये बाल्टिमोरविरुद्धच्या एका सामन्यात 457 यार्डांचे पास देऊन त्यांनी संघाचा तेव्हाचा विक्रम केला.

आता खरेपणाबद्दल. मोठ्या खेळाडूंना पत्रांचे ढीग येतात आणि सही कधी मदतनीस करतो, तर कधी यंत्र. फिरस्त्यांवर तशी वेळ सहसा येत नाही. शिवाय ज्या सहीला दोन-तीन डॉलरही येत नाहीत, ती खोटी करण्यात कोणी वेळ घालवत नाही. अर्थात हा पुरावा नव्हे. सुरुवातीच्या काळात एका प्रदर्शनात मी ‘स्वाक्षरीचे’ म्हणून घेतलेले कार्ड घरी आणून भिंगाखाली धरले, तेव्हा सही बारीक ठिपक्यांची निघाली, म्हणजे ती कार्डाबरोबरच छापलेली होती. पेनाची शाई पृष्ठभागावर बसते, कार्ड तिरके धरले की चमकते, आणि दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे गडद होते. तेव्हापासून मी प्रत्येक कार्ड असे तपासतो. गुळगुळीत कार्डांवर शाई टिकत नाही, म्हणून ती पाठवण्याआधी थोडी बेबी पावडर लावून फडक्याने हलकेच पुसतो.

तिसऱ्या आक्षेपातला एक भाग मी पूर्णपणे स्वीकारतो. खेळाडूंचे घरचे पत्ते कसे शोधावेत, हे मी त्या लेखात लिहिले होते. तो परिच्छेद मी काढून टाकला आहे, कारण माझी पत्रे सौम्य असली तरी ती माहिती वाचणारा प्रत्येक जण तसाच वागेल, याची हमी मी देऊ शकत नाही. मी स्वतः यापुढे खेळाडूंच्या संस्थांमार्फत किंवा कॉलेजांमार्फतच लिहीन. परतीचे तिकीट लावलेले पाकीट, हाताने लिहिलेले अर्ध्या पानाचे पत्र आणि जास्तीत जास्त दोन कार्डे, एवढेच मी पाठवतो. उत्तर आले नाही, तर पुन्हा विचारत नाही.

मात्र त्रासच होतो, असे सरसकट म्हणवत नाही. पाच हंगामांत तीन संघांकडून खेळलेल्या एका बचावपटूला मी दोन कार्डे पाठवली होती. आपण मांडलेल्या मुद्द्याचा मान राखून त्यांचे नाव लिहीत नाही. अडीच महिन्यांनी माझे पाकीट परत आले. आत एकच कार्ड होते. निळ्या शाईत सही होती आणि तिच्याखाली तिन्ही संघांत घातलेल्या जर्सींचे तीन आकडे एकाखाली एक लिहिलेले होते. सोबतच्या चिठ्ठीत त्यांनी विचारले होते, की दुसरे कार्ड मी ठेवून घेतले तर चालेल का, कारण माझे एकही कार्ड घरात उरलेले नाही आणि नातवाला ते हवे आहे. तेव्हापासून मी दुसरे कार्ड त्यांनी ठेवून घ्यावे, असे पत्रातच लिहितो.