अरबांनी एआय मॉडेल उघडं ठेवलं, आपण निदान पीडीएफ तरी उघडूया

२०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा जीआर आला, जूनअखेर तो मागे घेतला, ५ जुलैला वरळीत दोघे ठाकरे एका स्टेजवर आले, आणि या सगळ्या काळात आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर मराठी वाचवायचं काम मध्यरात्रीपर्यंत जोरात चालू होतं. मी अबूधाबीत असतो, त्यामुळे काही बोललो की 'तू गप्प बस, तू पळालास' हे ठरलेलं. ठीके, पळालो. पण जिथे पळून आलो तिथेही भाषेचा प्रश्न आहेच की, आणि तो हे लोक कसा हाताळतायत ते बघून आपलं भांडण भलत्याच ठिकाणी चाललंय असं वाटायला लागलंय.

इथे अरबी राजभाषा. पाट्या अरबीत, कोर्टाचे कागद अरबीत, आणि तरी माणूस दिवसभर अरबीचा एक शब्द न बोलता आरामात जगतो. टॅक्सीवाला उर्दूत बोलतो, बकाल्यातला, म्हणजे किराणा दुकानातला, मल्याळी चेटा हिंदीत, ऑफिस इंग्रजीत. नुसत्या पाट्यांनी भाषा चालत नाही हे मी रोज बघतो.

पण ऑगस्ट २०२३ मध्ये इथे 'जैस' नावाचं अरबी एआय मॉडेल आलं, म्हणजे चॅटजीपीटीच्या मागे असतं तसलं, मजकूर वाचून शिकणारं आणि उत्तरं देणारं, यूएईतल्या सगळ्यात उंच डोंगराचं नाव, जेबेल जैस. मसदर सिटीतलं एआय विद्यापीठ, इथल्या जी-४२ या टेक समूहाची एक कंपनी आणि अमेरिकेतली चिप बनवणारी सेरेब्रास यांनी मिळून केलेलं, १३०० कोटी पॅरामीटरचं, म्हणजे शिकताना मॉडेलच्या आत ठरत जाणारे तेवढे आकडे. आणि ते सरळ हगिंग फेसवर, म्हणजे एआय मॉडेलं ठेवायच्या साइटवर, टाकून दिलं, या, उतरवा, वापरा. अबूधाबीतल्याच दुसऱ्या संस्थेनं 'फाल्कन' आधीच तसं खुलं केलं होतं. कतारनं 'फनार' केलं, सौदीचं 'अल्लाम' आलं. एकमेकांवर कुरघोडी करायची हौस दांडगी, पण इथे तिचा फायदा झाला.

मला पैशापेक्षा त्यांनी अडचणीतनं वाट कशी काढली ते जास्त आवडलं. चाळीस कोटींच्या वर लोकांची भाषा, तरी वेबवर धड अरबी मजकूर कमीच. म्हणून जैसला ११६ अब्ज अरबी टोकन (मॉडेल मजकुराचे जे छोटे तुकडे पाडून वाचतं ते) आणि त्याच्या दुपटीहून जास्त इंग्रजी आणि कोड असं मिसळून शिकवलं, म्हणजे जगाची माहिती इंग्रजीतनं येईल आणि बोलणं अरबीत होईल. पुढे २०२४ मध्ये तर शून्यापासून शिकवायचा खर्चच टाळला, मेटाचं तयार मॉडेल लामा-२ घेतलं, त्याच्या ३२ हजार टोकनच्या यादीत अजून ३२ हजार अरबी घातले आणि मग त्यावर अरबी शिकवलं.

हे टोकन प्रकरण आपल्याला अरबांपेक्षा जास्त चावतं बरं का. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे कॉम्प्युटरात अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, अरबी अक्षराला दोन बाइट लागतात, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन, मग ते अक्षर असो, काना असो की अनुस्वार. 'घराबाहेरच्यांनाही' हा आपला साधा शब्द घ्या, सतरा चिन्हं, एक्कावन्न बाइट. ज्या मॉडेलला मराठी ठाऊक नाही ते याचा असा काही भुगा करतं की इंग्रजीत जे दोन-तीन टोकनांत होतं त्याला इथे कितीतरी जास्त लागतात. बिल टोकनवर, वेग टोकनवर, एका वेळी किती मजकूर मावणार तेही टोकनवर. मराठी शाळेतल्या बाईंनी उद्या एआय वापरायचं म्हटलं तर त्यांनी नुसत्या लिपीपायी जास्त पैसे मोजायचे, आणि यावर मोर्चा काढलेला मी तरी अजून बघितला नाही!

आता इथलं सगळं सोन्याचं आहे असं अजिबात नाही. जैस ज्या सुपरकॉम्प्युटरवर तयार झालं तो होता कॅलिफोर्नियात, सांता क्लारामध्ये, त्यामुळे 'सार्वभौम', म्हणजे देशाच्या स्वतःच्या ताब्यातलं एआय, वगैरे शब्द मी जरा जपूनच ऐकतो. मॉडेल खुलं म्हणतात पण ज्या मजकुरावर शिकवलं तो सगळा खुला नाही. आणि बातम्यांच्या अरबीवर वाढलेलं मॉडेल बोलतं पण बातमीदारासारखंच. ऑफिसातला माझा इजिप्शियन मित्र त्याच्याशी कैरोच्या बोलीत गप्पा मारायला गेला, तर समोरनं उत्तर आलं ते थेट प्रमाण अरबीत, तो म्हणाला, हा तर आमचा हेडमास्तर! मोरोक्कोच्या बोलीसाठी म्हणूनच 'ॲटलस-चॅट' वेगळं करावं लागलं. आपल्या अहिराणी-मालवणीचं काय होणार ते यावरनं ओळखा.

एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे. मॉडेलला अरबी कितपत येतं हे तपासायला त्यांनी इंग्रजी प्रश्न भाषांतर करून वापरले नाहीत, वेगवेगळ्या अरब देशांतल्या शाळा-परीक्षांचे १४,५७५ प्रश्न गोळा केले. आपल्याकडे स्कॉलरशिप, दहावी बोर्ड, एमपीएससी, प्रश्नपत्रिकांचा डोंगर आहे, तो पण अस्सल मराठीतला.

तर मग अडलंय कुठे? पैसे नाहीत म्हणू नका, केंद्र सरकारच्या इंडियाएआय मिशनला २०२४ मध्ये १०,३७२ कोटी मंजूर झालेत. माणसं पण आहेत. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या गटातल्या पोरांनी महाबर्ट हे मराठी मॉडेल आणि महाकॉर्पस हा मराठी मजकुराचा साठा करून कधीच खुले केलेत, सर्वम या भारतीय कंपनीच्या छोट्या मॉडेलमध्ये दहा भारतीय भाषांत मराठी आहे. जैसवाल्यांनी तर 'नंदा' हे हिंदी मॉडेल सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबईतच येऊन जाहीर केलं, मुंबईत, हिंदी! ग्रुपवर त्यावर एक मेसेज नाही.

अडलंय ते मजकुरावर. जुनं सरकारी मराठी बघा, स्कॅन केलेलं, नाहीतर जुन्या फॉन्टमधलं, कॉपी करून पेस्ट करा, कंस-टिंबं-इंग्रजी अक्षरांचा काला हातात येतो. विश्वकोश युनिकोडमध्ये ऑनलाइन आहे हे नशीब. ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटले, पण मला विचाराल तर विधिमंडळातली भाषणं, गॅझेटियर, बोर्डाची जुनी पुस्तकं नीट युनिकोडमध्ये आणि स्पष्ट लायसन्ससकट टाकणं ही पहिली मागणी हवी होती.

हे ग्रुपवर लिहिलं तर एका वकील मित्राचं उत्तर आलं, की म्हणजे मोठ्या कंपन्या फुकटात उचलून नेणार आणि आपल्यालाच विकणार. खरंय, नेतील. पण त्यांच्याकडे स्कॅन वाचायची यंत्रणाही आहे आणि वकीलही, त्यांना आपला जुना फॉन्ट अडवत नाही. अडते ती वसतिगृहात एका उसन्या जीपीयूवर, म्हणजे एआय शिकवायच्या चिपवर, मराठी मॉडेल शिकवू बघणारी पोरगी, आणि लेखकांच्या हक्कातल्या पुस्तकांबद्दल मी बोलतच नाहीये, मी बोलतोय ते आपल्या करातनं छापलेल्या कागदांबद्दल.