सिनेमा बघू द्या की!

रात्री जेवणं उरकून सिनेमा लावावा, तर आधी होम थिएटरच्या रिसीव्हरशी, म्हणजे स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या यंत्राशी, झटापट! स्टीरिओ, डायरेक्ट, प्युअर डायरेक्ट, मल्टी-चॅनल स्टीरिओ, हॉल, स्टेडियम... बटण दाबत राहा, डिस्प्लेवर आवाजाच्या मोडची नावं सरकत राहतात. स्वयंपाकघरातलं दोघांचं बोलणं स्टेडियममध्ये बसून कोण ऐकतं? खोटा घुमारा चढला की शब्द कळत नाहीत. आवाज वाढवावा तर पुढच्या मारामारीत खिडक्या थरथरतात. अहो, आवाज 5.1 मध्ये, म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जाचा एक अशा वाटणीत आलाय, संवाद मधल्या स्पीकरसाठी वेगळे ठेवलेत, हे सिग्नलवरून यंत्राला कळतं ना? मग जसं आहे तसं वाजव की बाबा! बातम्या पाचही स्पीकरमधून कशाला? आणि इनपुट बदललं की लावलेला मोड गायब. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी हे चालवायचं तरी कसं?