आयडियाच्या आधीचं काय?

आयडिया या मोबाईल कंपनीच्या इतिहासावरच्या लेखात तिची सुरुवात 2002 पासून धरली आहे. ते फक्त नावाचं बारसं. कंपनी 1995 ची, बिर्लांची, आणि परवाने मिळाले ते महाराष्ट्र आणि गुजरात या दोन सर्कलचे (म्हणजे मोबाईल सेवेसाठी आखलेल्या विभागांचे). लवकरच अमेरिकेची एटी अँड टी भागीदार म्हणून आली आणि नाव झालं बिर्ला एटी अँड टी. 2001 मध्ये टाटा आले. तीन मालक, तीन नावं, त्याऐवजी एक सुटसुटीत नाव काढलं ते आयडिया! पुढे आधी एटी अँड टी बाहेर पडली, 2006 मध्ये टाटाही.

आमच्या साताऱ्यात त्या काळी मोबाईल म्हणजे पट्ट्याला लावलेलं चामड्याचं पाकीट. पोवई नाक्यावर काकांचं दुकान होतं. फोन वाजला की काका तो उचलायचे नाहीत, पडद्यावरचा नंबर वहीच्या कोपऱ्यात लिहून घ्यायचे, गल्ला पुतण्याच्या (म्हणजे माझ्या) ताब्यात द्यायचे आणि शेजारच्या पिवळ्या एसटीडी बूथवरून उलटा फोन लावायचे. कारण इनकमिंगलाही पैसे पडत! इनकमिंगचे पैसे 2003 मध्ये बंद झाले. कुठल्याही मोबाईल कंपनीचा इतिहास लिहिताना हे वर्ष वगळून कसं चालेल? लेखात त्याला एक ओळही नाही.

2018 चं व्होडाफोनबरोबरचं विलीनीकरण आणि 2020 चं ‘वी’ (Vi) हे नाव मात्र नीट आलंय. काका अजूनही ‘आयडियाचं कार्ड’ असंच म्हणतात.