पाठमोऱ्या रोहितांचे फोटो

पैठणच्या नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, रोहित (फ्लेमिंगो) उतरले की फेसबुकवर फोटोंची रीघ लागते. त्यातले बरेच पाठमोरे असतात, शेपट्या आपल्याकडं आणि चोची पलीकडं. सबंध थवा असा उठतो तेव्हा बहुतेक वेळा मागं कुणीतरी कॅमेरा घेऊन चिखलात घुसलेलं असतं. हा जलाशय १९८६ पासून पक्ष्यांचं अभयारण्य आहे. अशा फोटोखाली 'अप्रतिम' लिहिणं आपण आता थांबवलं पाहिजे.

समोरून उडता पक्षी हवा असेल तर आधी वारा बघा. पक्षी वाऱ्याकडं तोंड करून उठतात. हिवाळ्यात सकाळी आपल्याकडं वारा बऱ्याचदा पूर्वेकडून, ईशान्येकडून असतो. म्हणून पूर्वेच्या काठावर बसलात तर ऊन आणि वारा दोन्ही पाठीशी येतात, अन् थवा आपणहून उठला की तुमच्याच दिशेला झेप घेतो. उजाडायच्या अर्धा तास आधी बसायचं, तेही मांडी घालून, म्हणजे लेन्स पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीजवळ येते.

उडत्या पक्ष्याला शटरचा वेग १/२००० सेकंद, बसलेल्याला १/६४० पुरतो. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता, ऑटोवर, मर्यादा ३२००. गडद पाण्यावरच्या बगळ्याची पांढरी पिसं फोटोत जळतात, नुसता पांढरा डाग उरतो, तिथं एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) पाऊण स्टॉप कमी करा; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. फिकट आभाळापुढं तोच पक्षी काळा येतो, तिथं एक स्टॉप वाढवा. नऊच्या पुढं काळी जमीन तापून हवा थरथरायला लागते. मग लाखाच्या लेन्सचाही फोटो मऊच, म्हणजे अस्पष्ट, येतो. लोक फोकसला दोष देतात आणि आणखी जवळ सरकतात. त्या वेळी कॅमेरा पिशवीत टाकून दुर्बीण काढावी, ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) उत्तम.

किती जवळ जायचं ते पक्षीच सांगतो. पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेले रानहंस, हिमालय ओलांडून इथं येतात आणि गाळपेरीच्या, म्हणजे पाणी ओसरलेल्या गाळात पेरलेल्या, पिकात चरतात. एकाची मान वर झाली की जागीच थांबा, चार-पाच माना वर झाल्या की मागं या. पाणी ओसरलेल्या गाळाचा भरवसाही धरू नका. वरून भेगा पडलेल्या दिसतात, खाली पाय गुडघ्यापर्यंत जातो.

उन्हाळ्यात माळावर तर जास्त जपायला हवं. टिटवी खडकाळ जमिनीवर उघड्यावरच अंडी घालते, बहुधा चार, अगदी खड्यांच्या रंगाची. तिनं उंचावर अंडी घातली की पाऊस जोरात, असं आपले शेतकरी म्हणतात. चाळीस अंशांच्या उन्हात ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते. तुम्ही फोटोसाठी तिथं उभे राहिलात तर ती डोक्यावर ओरडत फिरते आणि तेवढा वेळ अंडी भाजत राहतात. टिटवी ओरडायला लागली की आल्या वाटेनं, खाली बघत, परत फिरायचं. घरट्याचा फोटो काढूच नका. चुकून निघाला असेल तर गावाचं, शिवाराचं नाव टाकू नका, आणि फोटोत नोंदलेलं लोकेशन काढून टाकून मगच पुढं पाठवा.