‘नवं व्हर्जन आलं की सहा महिने हात लावू नका’ या मेसेजला माझं उत्तर

गेले दोन आठवडे एक मेसेज आमच्या तीन ग्रुपवर फिरतोय, होमस्टेवाल्यांच्या, फोटोवाल्यांच्या आणि आता शाळेच्या बॅचच्या पण. घरी सर्व्हर, म्हणजे घरच्या फाइली साठवणारा सतत चालू असलेला कॉम्प्युटर, ठेवणाऱ्यांसाठी लिहिलाय. मुद्दे असे: होम सर्व्हरच्या सिस्टीमचं नवं व्हर्जन आलं की सहा महिने हात लावू नका, पहिले लोक बळीचे बकरे असतात. खरं तर चालतंय ते चालू द्या, अपडेटच नको. बीटा, म्हणजे फायनलच्या आधीचं चाचणीचं व्हर्जन, म्हणजे कंपनीने तुम्हाला फुकट राबवून घेणं. व्हर्जनसोबतच्या नोट्समध्ये ‘माहीत असलेल्या अडचणीं’ची यादी लांब दिसली की समजा माल कच्चा आहे. एकदा अपडेट केलं की मागे येता येत नाही. आणि करायचंच असेल तर रेड (एकच डेटा दोन डिस्कवर लिहायची सोय) लावा, डेटा सेफ.

ज्याने लिहिलं त्याने काळजीपोटी लिहिलंय हे मान्य, आणि थोडं थोडं खरं असल्यामुळेच ते पटतंही. पण काल एकाने मला फोन करून सांगितलं की तो मेसेज वाचून त्याने सर्व्हरचे अपडेट कायमचे बंद केले, म्हणून हे लिहायला बसलो.

मी कुठून बोलतोय ते सांगतो. मालवण तालुक्यात घर आहे, सर्व्हर म्हणजे एका ऑफिसातून निघालेला जुना पीसी, दोन डिस्क आणि एक यूपीएस. त्यावर होमस्टेचं बुकिंग, कॅमेऱ्यांचं फुटेज हे सगळं आहेच, पण मुख्य म्हणजे बाबांनी जत्राजत्रांतून शूट केलेल्या दशावतारी नाटकांच्या कॅसेट उतरवून ठेवल्यात. आमच्याकडच्या दमट हवेत कॅसेटींना बुरशी लागते, त्यातल्या अर्ध्याअधिक आता प्लेयरमध्ये चालतच नाहीत, म्हणजे जे सर्व्हरवर आहे तेच काय ते शिल्लक. त्यामुळे डेटा जाण्याची भीती मला त्या मेसेज लिहिणाऱ्यापेक्षा कमी नाही.

आता पहिला मुद्दा, सहा महिने. यावर जास्त बोलणार आहे कारण बाकीचे यातूनच निघतात.

१३ ऑक्टोबर २०२३ ला ओपनझेडएफएस २.२.० आलं. ट्रूनॅस, प्रॉक्समॉक्स अशा होम सर्व्हरवरच्या सिस्टीम डेटा ठेवायला जे वापरतात तेच, थोडक्यात झेडएफएस. महिनाभराने जेंटू लिनक्स वापरणाऱ्या एकाला दिसलं की कॉपी केलेल्या काही फाइलींच्या मधेच शून्यं भरलेली आहेत. पहिला संशय अर्थातच नव्या सोयीवर, ब्लॉक क्लोनिंगवर (फाइल कॉपी करताना डेटा पुन्हा न लिहिता जुन्याच जागेकडे बोट दाखवणं), म्हणून २.२.१ मध्ये ती बंद करून टाकली. तरी थांबेना. मग खोदत गेल्यावर कळलं की मूळ चूक कित्येक वर्षं जुन्या कोडमध्ये बसलेली आहे, ती फार क्वचित लागायची, नव्या व्हर्जनमुळे फक्त पटकन उघडी पडली. नोव्हेंबर संपता संपता २.२.२ आलं आणि त्याच्याबरोबर जुन्या मालिकेसाठी २.१.१४ पण काढावं लागलं. म्हणजे जे ‘सहा महिने थांबूया’ म्हणून २.१ वर बसले होते त्यांच्याकडेही तीच चूक होती, त्यांना माहीत नव्हती एवढाच फरक. आणि ती सापडली ती नवं व्हर्जन लावून डोळे उघडे ठेवणाऱ्या लोकांमुळे.

उलट बाजूचं उदाहरण मीच देतो, नाहीतर म्हणाल सोयीचं तेवढं सांगतो. मार्च २०१७ मध्ये फ्रीनॅस (ट्रूनॅसचं तेव्हाचं नाव) कोरल आलं, पूर्ण नवं, मोठ्या गाजावाजात, आणि पुढच्याच महिन्यात ते मागे घेऊन लोकांना जुन्या ९.१० वर परत जायला सांगितलं. पहिल्या आठवड्यात घरचा मुख्य सर्व्हर त्यावर नेणाऱ्यांचे हाल झाले हे खरंच. तेव्हा पहिल्या दिवशी सगळं नव्यावर न्या असं मी मुळीच म्हणत नाहीये. मी स्वतः थांबतो. पण कशासाठी थांबतोय ते ठरवून थांबतो, म्हणजे पहिलं दुरुस्तीचं व्हर्जन आलं का, माझ्यासारखं नेटवर्क कार्ड असलेल्या कुणाला काही झालं का, माझा बॅकअप ताजा आहे का.

आपल्याकडे मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते. म्हणून १ ऑगस्टला कोण डोळे मिटून होडी खोल पाण्यात घालतो का? तारीख उघडली तरी माणसं दर्या बघतात, वारा बघतात, इंजिन किनाऱ्याजवळ फिरवून बघतात, आणि मगच जातात. सहा महिन्यांचंही तसंच, नुसती तारीख उलटल्याने सॉफ्टवेअर पक्कं होत नाही. आणि सगळेच थांबले तर सहा महिन्यांनी पण ते तेवढंच कोरं असणार, कारण मधल्या काळात ते कुणी वापरलंच नाही.

दुसरा, ‘चालतंय ते चालू द्या’. आमचे काका पण हेच म्हणतात, “चालता हा ता चालांदे, कित्याक हात लावतस?” पंप असेल, मिक्सर असेल तर काकांचं बरोबर आहे. पण नेटला जोडलेल्या पेटीचं तसं नाही. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या घरगुती स्टोरेजवाल्या कितीतरी लोकांनी सकाळी उठून बघितलं तर पेटी रिकामी, सगळा डेटा पुसलेला, कुणीतरी बाहेरून आत शिरून रिसेट मारला होता. त्या पेट्या छान चालत होत्या. फक्त त्यांना शेवटचं अपडेट २०१५ मध्ये मिळालं होतं. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने क्यूनॅप कंपनीच्या स्टोरेजच्या पेट्या अशाच पकडल्या, नेटवर उघड्या ठेवलेल्या, आणि फाइली लॉक करून पैसे मागितले.

आणखी एक गोष्ट म्हणजे अपडेट साचत गेले की उडी लांब होत जाते. घराची कौलं दर वर्षी पावसाआधी शाकारली तर चारदोन कौलं बदलून भागतं, पाच वर्षं सोडलीत तर वासे कुजलेले निघतात. एका व्हर्जनवरून पुढच्यावर जायची वाट बनवणाऱ्यांनी तपासलेली असते, चार व्हर्जन सोडून थेट पाचव्यावर जायची बहुतेक वेळा नसते. म्हणून ज्याने अपडेट कायमचे बंद केलेत त्याला माझी हात जोडून विनंती आहे, चालू करा, निदान सुरक्षेचे तरी.

तिसरा मुद्दा, बीटा म्हणजे फुकटची मजुरी. हा वाचून मला खरंच वाईट वाटलं. मागे मी एका सिस्टीमचं फायनलच्या आधीचं व्हर्जन जुन्या लॅपटॉपवर लावलं, त्यावर महत्त्वाचं काही नव्हतं, दोनशे फोटोंच्या प्रती आणि एक कामचलाऊ डिस्क. आमच्याकडे पावसात लाईट दिवसातून किती वेळा जाते ते कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको, म्हणून मी पहिलं काय बघितलं तर यूपीएसची बॅटरी उतरली की सर्व्हर आपणहून नीट बंद होतो का. नाही झाला. माझा यूपीएस स्वस्तातला, त्याची भाषा नव्या ड्रायव्हरला कळत नव्हती. मी मॉडेल नंबर, लॉग, काय केल्यावर काय झालं हे क्रमाने लिहून पाठवलं, त्यांनी दोन प्रश्न विचारले, आणि फायनल व्हर्जनमध्ये ते दुरुस्त होऊन आलं. ज्यांच्या ऑफिसात लाईट कधी जातच नाही त्यांना हे कसं सापडणार? माझ्या घरातली अडचण माझ्याच घरात दिसते, आणि ती आधी कळवली तर फायदा मलाच होतो. ही मजुरी नाही, गावाची विहीर सगळ्यांनी मिळून उपसतात तसं आहे ते.

हां, कळवलेलं ऐकलं गेलं पाहिजे हे मात्र शंभर टक्के. विंडोज १० चं ऑक्टोबर २०१८ चं अपडेट आठवत असेल, काहींच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइली उडाल्या आणि चार दिवसांत ते थांबवावं लागलं. चाचणीत भाग घेणाऱ्या काहींनी हेच आधी कळवलेलं होतं, पण संख्या थोडी म्हणून ते ढिगात खाली राहिलं. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने तक्रार लिहिताना ती किती गंभीर आहे ते नोंदवायची सोय दिली. टेस्टर जे कळवतात त्याचं पुढे काय होतं यावर नजर ठेवा, त्यावरून सिस्टीम बनवणारे कसे आहेत ते कळतं.

चौथा, अडचणींची लांब यादी म्हणजे कच्चा माल. मी अगदी उलट वाचतो. यादी कोरी दिसली तर मला भीती वाटते. डिसेंबर २०२३ मध्ये डेबियन १२.३ यायचं होतं, ज्या डेबियन लिनक्सवर ओपनमीडियाव्हॉल्ट (होम सर्व्हरची आणखी एक सिस्टीम) आणि प्रॉक्समॉक्स उभे आहेत तेच, आणि ते स्थिर शाखेतलं साधं दुरुस्तीचं व्हर्जन होतं बरं का. ऐन वेळी कळलं की त्यातल्या कर्नलमुळे, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यामुळे, ईएक्सटी४ या पद्धतीने डिस्कवर ठेवलेला डेटा खराब होऊ शकतो. त्यांनी जाहीर सांगून १२.३ थांबवलं, लोकांना ते कर्नल लावू नका म्हटलं आणि लगेच १२.४ काढलं. माझा डेबियनवरचा विश्वास त्या दिवशी वाढला.

असा विश्वास बनवायला आणखी काय काय करता येतं तेही बघा. ट्रूनॅसवाले कुठलं व्हर्जन कुणी वापरावं ते लिहून ठेवतात, उत्साही माणसाला वेगळं, जपून राहणाऱ्याला वेगळं, आणि ज्याचं काम थांबून चालणारच नाही त्याला अजून वेगळं. प्रॉक्समॉक्स ८ वरून ९ वर जाताना एक तपासणीची स्क्रिप्ट मिळते, ती काही बदलत नाही, फक्त तुमच्या मशीनवर कुठे अडेल ते आधी सांगते. ट्रूनॅस २४.१० मध्ये ॲप्स चालवायची पद्धत बदलणार, कुबरनेटीसवरून डॉकरवर जाणार हे आधी जाहीर केलेलं होतं, ज्याने वाचलं त्याला तयारीला वेळ मिळाला. नोट्स वाचायला अर्धा तास लागतो, तेवढा काढाच.

पाचवा मुद्दा मात्र सरळ सरळ चुकीचा आहे. मागे येता येतं.

दोन वर्षांपूर्वी चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी अपडेट केलं. घर चाकरमान्यांनी भरलेलं, रात्री सगळ्यांना बाबांची जुनी नाटकं दाखवायची होती. रीबूट झाला आणि सर्व्हर नेटवर्कवरून गायब. नंतर कळलं की नव्या कर्नलने नेटवर्क कार्डाचं नाव बदललं होतं आणि सेटिंग जुन्या नावाला चिकटलेलं. त्या क्षणी माझे हात कापत होते, आई आतून विचारतेय काय झालं, पोरं टीव्हीसमोर बसलेली. मॉनिटर जोडला, बूटच्या मेनूत आधीचं व्हर्जन होतं ते निवडलं, दहा मिनिटांत सगळं जसंच्या तसं. वेळ चुकीची निवडली ही चूक माझी, भर पावसात कौलावर चढण्यासारखीच ती. पण वाट मला ठाऊक होती, कारण महिनाभर आधी काही बिघडलेलं नसताना मी मुद्दाम एकदा जुन्यावर जाऊन परत नव्यावर आलो होतो.

ही तालीम प्रत्येकाने करावी असं मला मनापासून वाटतं. ट्रूनॅसमध्ये जुनी व्हर्जनं बूट एन्व्हायर्नमेंट म्हणून राहतात, म्हणजे सुरू करताना त्यातलं हवं ते निवडता येतं. अनरेड ही दुसरी एक सिस्टीम सहसा पेनड्राइव्हवरून चालते, त्याची झिप अपडेटआधी दुसरीकडे काढून ठेवा. ओपनमीडियाव्हॉल्टमध्ये अशी तयार सोय मिळत नाही, तिथे सिस्टीमच्या डिस्कची क्लोनझिला या प्रोग्रामने इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घ्या. सेटिंगची फाइल सर्व्हरवरच ठेवू नका, फोनमध्ये, मेलमध्ये, कुठेही बाहेर.

आणि एक खड्डा आहे तिथे नीट लक्ष द्या, मेसेजातली भीती बहुतेक इथूनच आली असणार. नवीन व्हर्जनवर गेल्यावर सूचना येते की पूल (डिस्क एकत्र बांधून केलेला डेटाचा साठा) अपग्रेड करा, नव्या सोयी मिळतील. झेडएफएसमध्ये पूल अपग्रेड केलं की ते उलटं फिरवता येत नाही, जुनी सिस्टीम तो पूल मग उघडेलच याची खात्री नाही, आणि नुसती सिस्टीम मागे नेऊन उपयोग होत नाही. ती सूचना महिनाभर तशीच राहू द्या, काही बिघडत नाही. नवीन व्हर्जनबद्दल मनात काही शंका उरली नाही की मगच ते बटण.

राहिला सहावा, रेड लावा म्हणजे सेफ. रेड एक डिस्क मेली तर काम चालू ठेवतं, बस. चुकून डिलीट झालं तर दोन्ही डिस्कवरून डिलीट होतं, वर सांगितल्यासारखी शून्यं भरली गेली तर दोन्हीवर शून्यंच. चिपळूणला २२ जुलै २०२१ चा पूर आला तेव्हा माझ्या एका मित्राच्या स्टुडिओत रेड होतं, दोन्ही डिस्क एकाच पेटीत, पेटी तळमजल्यावर. अकरा वर्षांचे लग्नाचे फोटो चिखलात गेले. त्याला रेडचा काय उपयोग झाला?

म्हणून माझ्या डेटाची आणखी एक प्रत मुंबईला असते. भाऊ गणपतीला आणि शिमग्याला गावी येतो, येताना मागच्या वेळची डिस्क घेऊन येतो, मी ती तपासतो, दोनचार व्हिडिओ खरंच उघडून बघतो, नवं भरतो आणि जाताना तो परत घेऊन जातो. या वर्षीचं मोठं अपडेट अजून केलेलं नाही. नोट्स वाचून झाल्यात, जुन्या लॅपटॉपवर तीन आठवडे नवं व्हर्जन चालू आहे, यूपीएस काढून घालून बघितलाय. गणपती गेले, भावाच्या पिशवीत डिस्क गेली, की त्या रविवारी मुख्य सर्व्हर.