तास नको, वीस मिनिटं पुरतात

पहिली-दुसरीच्या मुलांजवळ आईवडिलांनी रोज तासभर अभ्यासाला बसावं, असं लेखात म्हटलंय. माझा अनुभव उलटा. धाकटी जिल्हा परिषदेच्या शाळेत. ती दुसरीत असताना मी तासभर बसले की शेवटची चाळीस मिनिटं नुसती रडारड. मग वीस मिनिटांवर आणलं, तेही भाकऱ्या थापता थापता. ती शेजारी पाटावर बसून मोठ्याने वाचते. अडली तर मी लगेच सांगत नाही, तव्यावरची भाकरी उलटेपर्यंत थांबते. बहुतेक वेळा तेवढ्यात तिचं तिलाच जमतं.

गणितात मात्र मी माती खाल्ली. ती ३२ ला 'तीस दोन' म्हणायची, मी दटावून 'बत्तीस' वदवून घ्यायचे. शेवटी बाईंनी २०१९ साली आलेलं बालभारतीचं पुस्तकच पुढे ठेवलं. त्यात दोन्ही रीती आहेत! दहा-दहा काड्यांचे तीन गठ्ठे आणि दोन सुट्या ठेवल्या की 'तीस दोन' का, ते आपल्यालाही कळतं.

आणखी एक, लेखात राहिलेलं. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात. आमच्याकडे बैठकीच्या सह्यांची वहीच घरोघर फिरते (मीही केल्यात सह्या, खोटं कशाला बोलू). मागच्या बैठकीला स्वतः गेले, तेव्हा कळलं की मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडीच नाही. पोरगी पाण्याची बाटली रोज भरलेलीच का परत आणते, ते त्या दिवशी समजलं.