बायोगॅसचा कारखाना काढताय? गवताची काळजी नको!

गावाबाहेर बायो-सीएनजीचा, म्हणजे गवत कुजवून गाड्यांचा गॅस करायचा प्रकल्प काढायचा विचार आहे? उत्तम. अनुभवाचे चार शब्द फुकट देतो. माझ्या एकरभर रानात असल्याच एका प्रकल्पासाठी लावलेलं बारा फुटी नेपियर, म्हणजे हत्ती गवत, उभं आहे आणि ते न्यायला पंचवीस दिवस कोणी फिरकलेलं नाही, त्यामुळे वेळच वेळ आहे.

लक्ष्य गोल आकड्यात ठेवा. २०१८ मध्ये असल्या गॅससाठी केंद्र सरकारची 'सतत' योजना आली तेव्हा २०२३-२४ पर्यंत ५,००० प्रकल्प उभे करायचं ठरलं होतं. आकडा एवढा मोठा असला की गवत कुठून येणार, हे विचारायला कोणी धजत नाही.

मागच्या पिढीला डिझेलसाठी मोगली एरंड लावायला सांगितला, या पिढीला हत्ती गवत सांगा.

सरकारी धोरण अढळ धरा. ७ डिसेंबर २०२३ ला ऐन गाळपात उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी आली आणि आठ दिवसांत इथेनॉलकडे १७ लाख टनांपर्यंतच साखर वळवायची मर्यादा घालून ती सैलही झाली. इतकं अढळ.

पाऊस एक्सेलमध्ये बसत नाही, सोडून द्या.

गाडीचं वेळापत्रक मात्र जरूर छापा. आमच्याकडे पहिल्या कापणीला गाडी आली, काट्यावर 'ओलावा जास्त' म्हणून वजन कापलं. हिरव्या गवतात पाऊण भाग पाणीच असतं हो, कोरडं हवं होतं तर कडबा घ्यायचा! दुसऱ्या कापणीला फोन आला, "दादा, टाकी बंद आहे, आठ दिवस थांबा." मी थांबलो. गवत थांबतं का? धांडं बांबूसारखं झालं, म्हैससुद्धा शेंडे खाऊन तोंड फिरवते. मग पाऊस लागला, काळ्या रानात ट्रॅक्टर जाईना. आता सुपरवायझर म्हणतो, "जून गवताला गॅस कमी पडतो. आणि पाऊस अनिश्चित, त्याला आम्ही काय करणार?"

पाऊस अनिश्चित असतो हे माझ्या आज्यालाही ठाऊक होतं, म्हणून तो कडब्याची गंजी रचायचा. कोटींचा प्रकल्प काढलात आणि हिरवं गवत दाबून टिकवायला मुरघासाचे दोन खड्डे खणायला पैसे उरले नाहीत? मी गवत दिलं नाही तर मला दंड, तुम्ही नेलं नाही तर तुम्हाला काहीच नाही, असला करार करताना लाज नाही वाटली? माझं रान म्हणजे तुमचं बिनभाड्याचं गोदाम नाही. नसेल न्यायचं तर तसं लिहून द्या, हरभरा तरी पेरतो. आणि ही ठोंबं उपटायला जेसीबी लागेल, त्याचं भाडं कोण देणार ते आधी सांगा. फोन उचला!